‘फोर्स लाव’ म्हणाले होते मी

हे अजून कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि आई तर माझ्या चेहऱ्यावरून मी डबा खाल्ला की तसाच परत आणला तेही ओळखते. मग हे कसं नाही ओळखलं तिने? कारण मी चेहरा चांगला ठेवते. लोक मला शांत बाई समजतात. कोणाचा सर्व्हर पडला की म्हणतात, मंजिरीला फोन करा, ती ओरडणार नाही, येऊन नीट करून देईल. खरं आहे ते. मी येते आणि नीट करून देते. पण एकदा मी मुद्दाम उशिरा उठले होते — खुर्चीवरून. त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

तुम्हाला थोडं कॉम्प्युटरचं ऐकून घ्यावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेला एका छोट्या कंपनीत होते. मरोळकडच्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक लांबट गाळा, त्यात आम्ही मोजकी माणसं आणि काचेआड थंड खोलीत सर्व्हर. उपनगरातल्या पॅथॉलॉजी लॅब्सची कामं आमच्याकडे होती. कोणाची साखर, कोणाचा थायरॉइड, कोणाचं हिमोग्लोबिन — बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत लोक रिपोर्टची वाट बघत बसायचे आणि ते रिपोर्ट आमच्या मशीनमधून निघायचे. मी तिथली सीनियर. सीनियर म्हणजे काय, इतरांच्या आधी आलेली.

वैभव सावंत माझ्यानंतर आला. घाटकोपरला भटवाडीत राहायचा. आजोबा गिरणीत होते, गाव कणकवलीच्या पुढे कुठेतरी. आमच्याकडे मुलुंडला आजोबांपासून सगळे ऑफिसात, सगळ्यांचे हात स्वच्छ — आणि मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. वैभवचं इंग्रजी कच्चं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. हे मला खुपायचं. क्लायंटच्या कॉलवर अडकला की सरळ म्हणायचा, ‘सर, हिंदीत बोलू का?’ आणि समोरचा माणूस हसून हिंदीत बोलायला लागायचा. ऑफिसात सगळ्यांना तो आवडायचा. त्याची आई आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ एवढी द्यायची, की अर्धं टेबल त्यावर जेवायचं. मीही जेवायचे. माझ्यासाठी तो वेगळी वाटी आणायचा, कारण मला तिखट चालत नाही हे त्याने एकदा ऐकलं होतं.

तो प्रोबेशनवर होता. त्याचं लग्न ठरत होतं, मुलगी कुर्ल्याची. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, नोकरी कायम होऊ दे, मग सुपारी फोडू. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याला काही लपवता यायचं नाही. मुलीचा फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलायचा आणि परत यायचा तेव्हा कान लाल झालेले असायचे. नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात आलं की पेढे नाही, आईच्या हातचे तांदळाचे लाडू आणीन असं त्याने जाहीर करून टाकलं होतं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी — मी त्याच्यावर का जळत होते ती. जळत होते हा शब्दही पुरा पडत नाही.

मी उशिरा उठले त्या दिवसाच्या आधी काही आठवडे माझ्या हातून एक चूक झाली होती. स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या आणि पुसायची कमांड मी चुकीच्या खिडकीत टाकली. एका लॅबचे जुने रिपोर्ट गेले. सगळे.  वैभव शेजारी होता. त्याने बघितलं आणि खुर्ची ओढून घेतली. त्याने आदल्या दिवशी टेस्टिंगसाठी त्या फोल्डरची एक नक्कल काढून ठेवली होती, ती त्याने परत जागेवर ठेवली. चहा गार व्हायच्या आत सगळं पूर्ववत. मग म्हणाला, ‘होतं गो. जाऊंदे.’ आणि उठून गेला.

बस. एवढंच. नंतर त्याने कधी त्याचा उल्लेख केला नाही, कोणाला सांगितलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. मी रोज सकाळी त्याच्या चेहऱ्यावर शोधायचे — कुठे तरी असेल ना, एखादी बारीकशी रेघ, मी तुला वाचवलं आहे अशी? नव्हती. असती तर मी त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. तुम्हाला कोणी कधी असं झाकलंय का? आणि मग त्या माणसाचा इतका राग आलाय का, की तो हसला तरी दात ओठ खावेसे वाटावेत? मला आला. ज्याला मी मनातल्या मनात गावठी म्हणत होते, त्याने माझी लाज राखली आणि विसरूनही गेला. मला ते सहन झालं नाही.

आमच्याकडे एक नियम होता. चालू सर्व्हरवर काही जोरजबरदस्तीचं करायचं असेल तर आधी दुसऱ्या माणसाला दाखवायचं. दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं की मगच करायचं. लिहून-बिहून काही नाही, तोंडी. कामत सरांचा — आमच्या मालकांचा — लेखी गोष्टींपेक्षा माणसांवर विश्वास होता. वैभव हा नियम देवाचा असल्यासारखा पाळायचा. आणि त्याची दुसरी व्यक्ती नेहमी मी असायचे.

मग ते नवीन मशीन आलं. एका लॅबने रक्तपेशी मोजायचं परदेशी मशीन घेतलं आणि त्याचं सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरवर बसवायचं होतं. आमचा सर्व्हर लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा. लिनक्सची घराणी असतात. आमच्या घराण्यात सॉफ्टवेअर येतं ते ‘डेब’ नावाच्या पुडक्यात आणि दुसऱ्या एका मोठ्या घराण्यात येतं ते ‘आरपीएम’ नावाच्या पुडक्यात. मशीनवाल्यांनी फक्त आरपीएम दिलं होतं. एलियन नावाचं एक साधन आहे, ते एका घराण्याचं पुडकं दुसऱ्याच्या आकारात बांधून देतं. साध्यासुध्या गोष्टींना चालतं. पण सिस्टिमच्या पायाशी जी मूळ लायब्ररी असते, जिच्या जिवावर प्रत्येक कमांड चालते, तिला असं परक्या घरून आणून बसवायचं नाही. एका कंपनीच्या कुकरवर दुसऱ्या कंपनीचं झाकण दाबून बसवलं तर बसल्यासारखं वाटतं. गॅस पेटवला की मग कळतं.

वैभवने टेस्टच्या मशीनवर एलियन वापरून सॉफ्टवेअर बसवलं, छान चाललं. ते मशीन नवीन होतं. चालू सर्व्हर जुना होता, आणि तिथे ते सॉफ्टवेअर अडून बसलं — म्हणे, मला याच्यापेक्षा नवी मूळ लायब्ररी पाहिजे. लॅबवाले सकाळपासून फोन करत होते. त्या शुक्रवारी कामत सर वैभवच्या पत्रावर सही करणार होते, आणि हे काम त्याने एकट्याने पुरं करावं असं त्यांनीच ठरवलं होतं. परीक्षाच म्हणा.

जेवण झाल्यावर तो माझ्याकडे आला. त्याने आरपीएममधली लायब्ररीसुद्धा एलियनमधून काढली होती आणि बसवायला गेला तर सिस्टिमने नकार दिला होता. ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं.

‘मंजिरी, बघ ना जरा,’ तो म्हणाला. ‘तो नाय म्हणतोय.’

मी म्हटलं, चल, चहा घेऊ.

का? तुम्हाला कळलंच असेल. चॅटवर लिहिलं तर ते राहिलं असतं आणि जागेवर बोलले तर शेजारी माणसं होती. मला ते वाक्य तिथे बोलायचं नव्हतं. म्हणजे जिना उतरताना मला माहीत होतं की मी काय बोलणार आहे. रागाच्या भरात तोंडून गेलं, असं नाही ते. मी पायऱ्या उतरत होते, तो मागून त्या मशीनबद्दल काहीतरी सांगत होता आणि माझं डोकं अगदी थंड होतं.

खाली टपरीवर त्याने दोन कटिंग सांगितले. त्याला अजून शंका होती. म्हणाला, ‘मूळ लायब्ररी आहे गं. काही लोचा नाय ना होणार?’

योग्य उत्तर मला येत होतं. त्या सॉफ्टवेअरला त्याच्याच घराण्याच्या लिनक्सचा एक वेगळा, बंद डबा करून द्यायचा, म्हणजे ते आत त्याच्या घरच्यासारखं राहतं आणि बाहेरच्या कशाला हात लागत नाही. महिन्यापूर्वी दुसऱ्या क्लायंटकडे मी हेच केलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याचं काम झालं असतं.

मी म्हणाले, ‘तो नेहमीच नाही म्हणतो रे. फोर्स लाव.’

‘नक्की?’

‘किती घाबरतोस. लाव.’

तो हसला. माझ्यावर भरवसा होता त्याचा, आणि तो चेहऱ्यावर दिसत होता. चहाचे पैसे त्यानेच दिले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी मागून सावकाश गेले.

त्याने फोर्स लावलं — नकार डावलून बसव, अशी आज्ञा. सिस्टिमने या वेळी ऐकलं. मग त्याने नुसतं फोल्डरमध्ये काय आहे ते बघायची कमांड टाकली — सगळ्यात साधी, पहिल्या दिवशी शिकवतात ती. चालली नाही. दुसरी टाकली. तीही नाही. कॉपी नाही, एडिट नाही, काही नाही. प्रत्येक कमांड जन्मताच मरत होती. आणि प्रत्येक रिपोर्ट काढायला सर्व्हरला एक नवी कमांड चालवावी लागते. म्हणजे त्या क्षणापासून एकाही लॅबचा एकही रिपोर्ट निघेना.

फोन वाजायला लागले. पहिला मुलुंडचा, मग बोरिवलीचा, मग सगळेच. वैभव की-बोर्डवर वाकून तीच तीच कमांड पुन्हा टाकत होता. त्याची मान मला मागून दिसत होती, घामाने ओली. मध्येच तो मालवणीत पुटपुटला, ‘काय झाला ता कळना नाय.’ त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मदत मागणारी नजर होती ती, आरोपाची नव्हती.

दुरुस्ती मला माहीत होती. एका पेन ड्राइव्हवरून सर्व्हर चालू करायचा, मूळची फाइल जागेवर ठेवायची, पुन्हा सुरू करायचा. पेन ड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी ड्रॉवर उघडला नाही. मी उठले, मशीनमधून कॉफी घेतली, परत येऊन बसले आणि प्यायले. त्याला बघत. तुम्ही विचाराल, काय वाटत होतं? सांगते. बरं वाटत होतं. खूप दिवसांनी श्वास नीट येत होता. मी चुकीच्या खिडकीत कमांड टाकली तेव्हा माझा चेहरा जसा झाला असेल, तसा आता त्याचा झाला होता, आणि तो मला डोळे भरून बघायचा होता.

कामत सर केबिनमधून बाहेर आले. एका लॅबच्या मालकाने त्यांना फोनवर झापलं होतं, कॉन्ट्रॅक्ट काढून घेईन म्हणाला होता. तेव्हा मी ड्रॉवर उघडला. सगळ्यांसमोर मी थंड खोलीत गेले, पेन ड्राइव्ह लावला, आणि रिपोर्ट निघायला लागले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मग सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वैभवने सगळं सरळ सांगितलं, एलियन, लायब्ररी, फोर्स. सरांनी विचारलं, दुसऱ्या कोणाला दाखवलं होतंस का? वैभव गप्प राहिला. मला वाटतं, मी बोलेन म्हणून त्याने जागा सोडली होती. सर माझ्याकडे वळले.

‘तुला विचारलं होतं का याने?’

‘नाही,’ मी म्हणाले.

वैभवने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत होते. तो आता बोलेल, आता बोलेल — मी वाट बघत होते, माझ्याकडे उत्तर तयार होतं, ‘घाबरून खोटं बोलतोय, सर.’ ते वापरायची वेळच आली नाही. तो म्हणाला, ‘सॉरी सर.’

शुक्रवारी सही झाली नाही. त्याला जायला सांगितलं. सुपारीही फुटली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने नंतर सांगितलं की कुर्ल्याच्या लोकांनी दुसरं स्थळ बघितलं. ती सांगत होती आणि मी ‘अरेरे’ म्हणाले. अगदी व्यवस्थित म्हणाले. त्याच्या जागेवर त्याच्या आईचा डबा राहिला होता, तो कोणीतरी घाटकोपरला नेऊन दे म्हणून माझ्या हातात ठेवला. माझ्या वाटेवरच पडतं घाटकोपर. मी तो पॅन्ट्रीत सिंकच्या खाली ठेवून दिला आणि विसरले असं सांगितलं.

मी टीम लीड झाले. कशामुळे, ते सांगायला नको.

काही वर्षं मी स्वतःला समजावत होते, की माझा हेतू एवढा नव्हता. त्याने एकदा चुकावं, मी त्याला वाचवावं, आणि फिट्टंफाट व्हावी एवढंच मनात होतं, मग हाताबाहेर गेलं. हे खोटं आहे. फिट्टंफाट करायची होती तर ड्रॉवर लगेच उघडता आला असता. ‘हो, मला विचारलं होतं’ एवढे चार शब्द बोलता आले असते आणि मला कोणी काढलं नसतं. सर ओरडले असते, संपलं असतं. मला त्याची वाट लावायची होती, आणि मी लावली.

पुढे मी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत गेले. तिथे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. परक्या घराण्याचं पॅकेज का बसवू नये हे सांगताना मी उदाहरण देते. एक मुलगा होता म्हणते. नाव घेत नाही, पण त्याचा आवाज काढते. ‘कळना नाय, कळना नाय.’ मुलं खूप हसतात. धडा त्यांच्या पक्का लक्षात राहतो. आवाज मला चांगला जमतो.

आणि आता गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्याकडे एक जागा निघाली. मुलाखत घ्यायला मी आणि माझ्या हाताखालची रुची. पुढचा उमेदवार आत आला तो वैभव. केस विरळ झालेले, चष्मा लागलेला, शर्ट इस्त्रीचा. मला बघून क्षणभर दारात थांबला, मग म्हणाला, ‘नमस्कार, मॅडम.’ मॅडम म्हणाला मला. आम्ही एकमेकांना ओळखतो हे त्याने रुचीला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

तो चांगला तयार झाला होता. मधली वर्षं छोट्या छोट्या ठिकाणी काढली होती, कुठेच टिकलेला नव्हता, पण काम येत होतं. रुचीला तो आवडला, हे मला दिसत होतं. शेवटी तिने तो नेहमीचा प्रश्न विचारला, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?

मी पाण्याचा ग्लास उचलला.

वैभवने सांगितलं. एलियन, मूळ लायब्ररी, बंद पडलेले रिपोर्ट. काही वगळलं नाही. रुची मध्येच हसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅम, ही तर तुमचीच स्टोरी ना? ते कळना नायवाली?’ तिने तो आवाजही काढला, माझ्यासारखाच. तिला काय माहीत?

 वैभवने टेबलावर हात ठेवले होते, ते मांडीवर घेतले.  मग तो रुचीलाच म्हणाला, ‘आमच्याकडे नियम होता मॅडम, दुसऱ्या माणसाला विचारून करायचं. मी विचारलं नाही. माझी चूक होती ती.’

ऐकलंत? विचारलं नाही म्हणाला. माझं खोटं त्याने स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर म्हटलं, मला शिकवायला नाही, टोमणा मारायला नाही — मला माझ्या हाताखालच्या मुलीसमोर उघडं पडू द्यायचं नव्हतं म्हणून. पुन्हा एकदा. आणि इतक्या वर्षांनी मला तोच राग आला, तसाच, जराही जुना न झालेला.

तो गेल्यावर रुची म्हणाली, ‘घेऊया ना, मॅम? चूक मान्य तरी करतो.’

मी म्हणाले, ‘नको. लाइव्ह सर्व्हर पाडलेला माणूस आहे.’

तिने दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं. मग आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावलं, आणि मी त्याच्याशी अगदी गोड बोलले. घरी जाऊन नीट जेवले, झोपही लागली.

वैभवला ती नोकरी मिळायला हवी होती. तो उद्या पुन्हा दारात उभा राहिला, तरी मी त्याला घेणार नाही.